चार स्टिक, एक बोर्ड आणि न येणारा डिस्प्ले : मेमरी जुळत नसेल तेव्हा दोष कसा शोधावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जॅकार्ड टॉवेल आणि चादरींच्या डिझाइनच्या कामासाठी आपण जुळे सोलापुरातील घरी नवा संगणक जोडला. त्यात रायझन ७ ७७०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा चार स्लॉटचा बोर्ड आणि १६ जीबीच्या दोन-दोन स्टिकचे दोन संच, म्हणजे एकूण ६४ जीबी डीडीआर५ मेमरी आहे. एक संच आपण नवी पेठेतील दुकानातून घेतला आणि दुसरा ऑनलाइन मागवला. दोन्हींच्या खोक्यांवर एकच मॉडेल आणि ६००० (वेग), सीएल३० (मेमरीच्या प्रतिसादाचा विलंब) असेच छापलेले आहे. चारही स्टिक लावल्या की बोर्डावरचा मेमरीचा दिवा पेटून राहतो आणि डिस्प्ले येत नाही. दोनच लावल्या तर संगणक सुरू होतो. एकदा चारही स्टिकवर तो सुरू झाला, तेव्हा एक्स्पो (स्टिकवर छापलेला वेग लागू करणारी तयार प्रोफाइल) चालू केल्यावर डिझाइनची फाइल साठवताना निळा स्क्रीन आला. दुकानदार म्हणतात की ऑनलाइन आलेली रॅम खराब आहे, ऑनलाइन विक्रेता म्हणतो की बोर्ड खराब आहे, आणि यांपैकी खरे कोणाचे, असे आपण विचारले आहे.

माझा अंदाज आधीच सांगतो. आपल्या चारही स्टिक, बोर्ड आणि प्रोसेसर धडधाकट असण्याची शक्यता बरीच मोठी आहे, आणि तरीही आपण मागता त्या वेगाने ते एकत्र चालणार नाहीत. सोलापुरात संगणक जोडणीचे आणि दुरुस्तीचे काम करताना माझ्याकडे ‘रॅम खराब आहे’ म्हणून येणाऱ्या नव्या संगणकांत असेच प्रकरण वारंवार निघते. अर्थात दुरून पाहून खात्री देता येत नाही. बोर्डाचे नेमके मॉडेल, बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डावरच साठवलेल्या प्रोग्रॅमची) आवृत्ती, स्टिकवरच्या चिपा आणि कूलरची बसवणी यांवर बरेच काही अवलंबून आहे. म्हणून निकाल देण्यापेक्षा तो आपला आपल्याला कसा काढता येईल ते सविस्तर सांगतो.

प्रथम खोक्यावरच्या आकड्याविषयी. ६००० हा आकडा स्टिक बनवणाऱ्या कंपनीने दिलेला शब्द आहे. मेमरीशी प्रत्यक्ष व्यवहार करणारा कंट्रोलर मात्र प्रोसेसरच्या आत असतो, आणि त्याच्या वतीने रायझन बनवणाऱ्या एएमडीने दिलेला शब्द वेगळा आहे. रायझन ७ ७७०० साठी कंपनीने अधिकृतपणे मान्य केलेला कमाल वेग दोन स्टिक असतील तर ५२०० आणि चार असतील तर केवळ ३६०० आहे. हे आकडे कंपनीच्या संकेतस्थळावर त्या प्रोसेसरच्या पानावर उघड दिलेले आहेत, परंतु खरेदीच्या वेळी ते पान सहसा ना ग्राहक उघडतो, ना विक्रेता. त्यापुढचा वेग एक्स्पो प्रोफाइल चालू करून मिळवायचा असतो आणि कंपनीच्या लेखी ते ओव्हरक्लॉकिंगमध्ये, म्हणजे मान्य वेगापलीकडे चालवण्यात, मोडते. दोन स्टिकवर ६००० बहुतेक वेळा विनासायास चालतो, त्यामुळे तो आपल्या हक्काचाच आहे असे सर्वांना वाटू लागते, आणि चार स्टिक लावल्यावर तो चालला नाही की कोणती तरी वस्तू सदोष असणार असा समज होतो.

चार स्टिकमुळे एवढा फरक का पडतो, हे समजले तर पुढची सर्व चाचणी सोपी होईल. आपल्या बोर्डावर स्लॉट चार असले तरी प्रोसेसरकडे जाणारे चॅनेल दोनच आहेत आणि प्रत्येक चॅनेलवर दोन स्लॉट आहेत. आजच्या बहुतेक घरगुती बोर्डांवर चॅनेलच्या तारा प्रोसेसरपासून निघून आधी जवळच्या स्लॉटला आणि तेथून पुढे शेवटच्या स्लॉटला जातात. शेवटच्या स्लॉटमध्ये एकच स्टिक असेल तर संदेश सरळ टोकापर्यंत पोहोचतो. दोन्ही स्लॉट भरले की त्याच तारांवर दुप्पट चिपांचा भार येतो, संदेश वाटेत परावर्तित होतो, आणि प्रत्येक बिट ओळखण्यासाठी मिळणारा वेळेचा अवकाश आक्रसतो. वेग जितका जास्त तितका हा अवकाश मुळातच कमी. शिवाय आपले दोन संच वेगवेगळ्या वेळी तयार झालेले आहेत. एका ताण्यात दोन वेगळ्या लॉटचे सूत भरले तर प्रत्येक सूत चांगले असूनही माग मध्येच का थांबतो, हे आपल्या व्यवसायात आपणास माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. चार स्टिकना एकाच ठेक्यावर चालवताना कंट्रोलरची अडचण तशीच असते.

आता दिव्याविषयी. मेमरीचा दिवा पेटला आहे याचा अर्थ ‘मेमरी खराब आहे’ असा नसतो. बोर्ड त्या क्षणी मेमरीच्या टप्प्यावर आहे एवढेच तो दिवा सांगतो. आपल्यासारखा एएम५ (रायझन ७००० चे सॉकेट) बोर्ड पहिल्या वेळी, किंवा स्टिक बदलल्यावर, प्रत्येक तारेवरची वेळ आणि विद्युतदाब स्वतः जुळवून पाहतो. यास मेमरी ट्रेनिंग म्हणतात. दोन स्टिकवर त्यास एक-दोन मिनिटे लागू शकतात. चार स्टिकवर, विशेषतः जुन्या बायोसवर, त्याहून कितीतरी अधिक वेळ जातो आणि त्या काळात पडद्यावर काहीही दिसत नाही. आपण मिनिटभर वाट पाहून बटण दाबून बंद केले असे लिहिले आहे. ते स्वाभाविक आहे, परंतु त्यामुळे ट्रेनिंग अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून चारही स्टिक लावून एकदा संगणकाला शांतपणे १० ते १५ मिनिटे द्या. मधेच तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला तरी हात लावू नका. एवढ्या वेळानंतरही दिवा विझला नाही तरच पुढच्या तपासणीकडे वळावे.

तपासणीची सुरुवात नेहमी मूळ स्थितीवरून करावी. एसएमपीएसचे (वीजपुरवठ्याच्या डब्याचे) बटण बंद करून वायर काढा, मग कॅबिनेटचे पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्या, आणि बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसच्या सेटिंग पुसणाऱ्या) पिना सांगितल्याप्रमाणे जोडा; ती सोय सापडत नसेल तर बोर्डावरचा नाण्यासारखा सेल काही मिनिटे काढून ठेवा. आधी चालू केलेली एक्स्पो प्रोफाइल किंवा हाताने दिलेले आकडे बायोसच्या स्मरणात राहिले असतील तर आपण कितीही स्टिक बदलल्या तरी चाचणी त्याच चुकीच्या आकड्यांवर होत राहते. ही पायरी गाळल्यामुळे चांगल्या स्टिक परत पाठवल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत.

यानंतर स्टिक नीट बसली आहे की नाही ते पाहावे. हे सांगणे फार प्राथमिक वाटेल, पण येथे थोडे थांबावे असे मला वाटते. अनेक बोर्डांवर स्लॉटची खिट्टी एकाच टोकाला असते. त्या टोकाला खट् असा आवाज आला की स्टिक बसली असे वाटते, आणि दुसरे टोक केसभर वर राहून जाते. बोर्ड कॅबिनेटमध्ये उभा असताना हे डोळ्यांना कळत नाही. कॅबिनेट आडवे करून, टॉर्चच्या उजेडात, स्टिकची कड स्लॉटला पूर्ण समांतर आहे का ते पाहावे लागते. अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्याच्या कार्यालयातून माझ्याकडे आलेला संगणक असाच एका स्लॉटवर डिस्प्ले देत नव्हता. टॉर्च आत धरल्यावर स्लॉटच्या मधोमध, संपर्कपट्ट्यांवर आडवा पडलेला सुताचा एक पांढरा तंतू दिसला. स्टिक दाबताना तो संपर्कांत अडकत होता आणि वरून सर्व काही व्यवस्थित बसल्यासारखे दिसत होते. तंतू चिमट्याने काढल्यावर तीच स्टिक त्याच स्लॉटवर चालली. आपले घर कारखान्यापासून दूर असले तरी डिझाइनचे नमुने आपल्या टेबलावर असणारच, तेव्हा रिकामे स्लॉट एकदा उजेडात पाहून घ्या. नव्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासण्याची आपल्याकडे सरसकट पद्धत आहे. ती कृपया टाळा. सोनेरी थर अत्यंत पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. पुसायचेच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारे कापड पुरेसे आहे.

आता खरी चाचणी. तिचा नियम एकच आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक निकाल कागदावर लिहायचा. बोर्डाच्या पुस्तिकेत एकाच स्टिकसाठी जो स्लॉट सांगितला असेल, तो बहुधा प्रोसेसरकडून दुसरा म्हणजे ए२ असतो, तेथे चारही स्टिक आळीपाळीने एकट्या लावा. एक्स्पो बंदच ठेवा. प्रत्येक वेळी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम चालवा. विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक प्राथमिक अंदाजापुरते ठीक आहे, पण ते उत्तीर्ण झाले म्हणजे मेमरी निर्दोष ठरली असे मी मानत नाही. चारही स्टिक एकट्याने उत्तीर्ण झाल्या की त्यांतली एक बी२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरकडून चौथ्या स्लॉटमध्ये एकटी लावून पाहा, म्हणजे दुसऱ्या चॅनेलची परीक्षा होईल. त्यानंतर दुकानातला संच ए२ आणि बी२ मध्ये, आधी मूळ वेगावर आणि मग एक्स्पोवर. त्यानंतर ऑनलाइन आलेला संच त्याच दोन स्लॉटमध्ये, तसाच. सर्वांत शेवटी चारही स्टिक, एक्स्पो बंद ठेवून. या क्रमाला एक-दोन दिवस लागतील, कारण लांबच्या चाचण्या रात्रभर चालू ठेवाव्या लागतात, पण दोन विक्रेत्यांच्या वादात आपल्या हाती ठोस पुरावा येईल.

निकाल वाचताना मेमटेस्टमधील एकही चूक क्षम्य मानू नये. एखादी ठरावीक स्टिक मूळ वेगावर एकटी असतानाही, ए२ मध्ये आणि बी२ मध्येही चुका दाखवत असेल, विशेषतः पुन्हा पुन्हा त्याच पत्त्यावर, तर ती स्टिक सदोष आहे आणि त्यात संशयाला जागा नाही. कोणतीही स्टिक ए२ मध्ये चालते पण बी२ मध्ये एकही चालत नाही, असे असेल तर मेमरीला दोष देणे थांबवा. अडचण त्या चॅनेलची आहे. तेव्हा कूलर काढून प्रोसेसर उचलावा आणि सॉकेटमधील पिना भिंगाखाली पाहाव्यात. एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात आणि एखादी वाकलेली पिन संपूर्ण चॅनेल बंद पाडू शकते. पिना सरळ असतील तर कूलरचे स्क्रू दोन्ही बाजूंनी सारखे आवळले आहेत का ते पाहा, कारण दाब एकाच बाजूला पडला तर काही पिनांचा संपर्क सुटतो. तिसरी शक्यता अशी की दुकानातला संच एक्स्पोवर एकटा व्यवस्थित चालतो, ऑनलाइन आलेलाही चालतो, आणि चारही एकत्र केल्यावरच बिघडते. आपल्या वर्णनावरून मला हेच निघेल असे वाटते. तसे झाले तर कोणाचीच वस्तू सदोष नाही. चौथी शक्यता, दोन्ही संच मूळ वेगावर स्वच्छ पण ६००० वर दोन्ही अपयशी. तेव्हा संशय कंट्रोलर, बोर्ड किंवा बायोसवर घ्यावा. आणि एकच संच ६००० वर अपयशी ठरला, दुसरा मात्र त्याच स्लॉटमध्ये त्याच वेगाने चालला, तर तो अपयशी संच आपल्या छापील शब्दाला जागत नाही, असे विक्रेत्याला ठामपणे सांगता येते.

बायोसचा विषय मी मुद्दाम येथे घेत आहे, कारण अनेक जण तो सर्वांत आधी घेतात आणि अस्थिर मेमरीवरच अपडेट करू पाहतात. दोन स्टिकवर, मूळ वेगाने, संगणक स्थिर चालतो याची खात्री झाल्यावरच बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या नेमक्या मॉडेलची, आणि बोर्डावर त्याची रिव्हिजन छापलेली असेल तर तिचीही, बायोस फाइल घ्या, पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा आणि बोर्डाने सांगितलेल्या पद्धतीने अपडेट करा. संगणक युपीएसवर असल्याशिवाय हे काम करू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी वीज कधी झटका देईल याचा नेम नसतो आणि अर्धवट लिहिलेला बायोस म्हणजे नवे संकट. एएम५ च्या सुरुवातीच्या काळातील बोर्ड दुकानांत बराच काळ पडून असतात आणि त्यांतला बायोस तेव्हाचाच असतो. त्यानंतरच्या आवृत्त्यांत ट्रेनिंगचा वेळ कमी झाला, २४ आणि ४८ जीबीच्या स्टिक ओळखल्या जाऊ लागल्या, आणि २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्याच्या प्रकरणांनंतर एसओसी (प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरच्या भागाच्या) विद्युतदाबावर १.३ व्होल्टची मर्यादा आली. केवळ या शेवटच्या कारणासाठीसुद्धा जुन्या बायोसवर एक्स्पो चालू करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण क्यूव्हीएल, म्हणजे बोर्ड कंपनीने तपासलेल्या मेमरीच्या, यादीचा उल्लेख केला आहे आणि ‘माझी रॅम यादीत आहे, तरी असे का’ असे विचारले आहे. ही यादी वाचताना दोन गोष्टी पाहायच्या असतात. पहिली, पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळतो का. दुसरी, ती मेमरी किती स्टिक लावून तपासली आहे. यादीत त्यासाठी वेगळे रकाने असतात आणि एखाद्या संचासमोर दोन स्टिकच्या रकान्यात खूण असून चारचा रकाना रिकामा असतो. आपल्या संचासमोर तो रकाना पाहा. मला तो रिकामा असण्याची दाट शंका आहे. यादीत नाव नसले म्हणून मेमरी चालणारच नाही असेही नाही, कारण बाजारातील प्रत्येक मेमरी कोणतीच बोर्ड कंपनी तपासत नाही. मॉडेल एकच असूनही आतल्या चिपा वेगळ्या असू शकतात, कारण मेमरी कंपन्या एकाच नावाखाली कधी हायनिक्सच्या, कधी सॅमसंगच्या, कधी मायक्रॉनच्या चिपा वापरतात. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅमच्या एसपीडी पानावर प्रत्येक स्लॉटमधील स्टिकच्या चिपांचा उत्पादक आणि निर्मितीचा आठवडा दिसतो. दोन संचांत तेथे वेगळी नावे आली तर त्यांचे ६००० वर जुळणे आणखी कठीण समजावे. त्याच प्रोग्रॅमच्या मेमरी पानावर वेग ३००० मेगाहर्ट्झ दिसला तर घाबरू नका. डीडीआर मेमरी एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणून छापील ६००० तेथे निम्मा दिसतो.

चारही स्टिक ठेवायच्याच असतील तर वरून खाली येण्याऐवजी खालून वर जावे. बायोस आपण होऊन ३६०० वर सुरू झाला तर तेथे रात्रभर चाचणी घ्या. ती स्वच्छ असेल तर ४४००, मग ४८०० असे टप्पे घ्या आणि पहिली चूक दिसली की एक टप्पा मागे या. ज्या बोर्डावर मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर हा पर्याय आहे, तेथे तो चाचणीच्या काळात बंद ठेवावा, म्हणजे प्रत्येक वेळी ताजे ट्रेनिंग होईल. सुरू व्हायला उशीर लागेल, पण निकाल विश्वासार्ह येईल. डीडीआर५ चा मूळ विद्युतदाब १.१ व्होल्ट असतो आणि आपल्यासारख्या ६०००, सीएल३० संचांना एक्स्पोवर साधारण १.३५ व्होल्ट लागतात. इंटरनेटवर वाचून त्याहून दाब वाढवत नेण्याचा सल्ला मी कामाच्या संगणकासाठी देणार नाही.

सोलापुरात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत स्थिर वाटलेली मेमरी मे महिन्यात, बाहेर ४२-४३ अंश असताना, बंद खोलीत चुका करू शकते. चिपा तापल्या की साठवलेला विद्युतभार लवकर गळतो आणि घट्ट टायमिंगच्या एक्स्पो प्रोफाइलमध्ये त्यासाठी ठेवलेली सवलत कमी असते. डीडीआर५ स्टिकवर तापमापक असतो आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये त्याचे आकडे वाचता येतात. चार स्टिक एकमेकींना चिकटून असल्यामुळे मधल्या दोन अधिक तापतात. शेवटची चाचणी भर दुपारी, ग्राफिक्स कार्डावरही काम चालू असताना, कॅबिनेटचे झाकण लावून घ्यावी. झाकण उघडे ठेवून आणि पंखा रोखून घेतलेल्या चाचणीचा निकाल प्रत्यक्ष कामाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

आपल्या पत्रातील एका वाक्याने मला सर्वाधिक काळजी वाटली : निळा स्क्रीन येऊनही आपण त्याच स्थितीत गिऱ्हाइकांच्या डिझाइनवर काम करत राहिलात. कृपया हे आजच थांबवा. अस्थिर मेमरी दर वेळी निळा स्क्रीन दाखवून सावध करतेच असे नाही. कधी ती चुकीचा बिट मुकाट्याने फाइलमध्ये लिहून टाकते आणि फाइल काही आठवड्यांनी उघडल्यावर कळते. डीडीआर५ च्या चिपेत स्वतःची चूकदुरुस्ती असते हे खरे, पण ती चिपेच्या आतल्या चुकांपुरती असते. चिपेपासून प्रोसेसरपर्यंतच्या तारांवर होणाऱ्या चुका तिला दिसत नाहीत, आणि आपली अडचण बहुधा त्या तारांवरच आहे. चाचण्या पूर्ण होईपर्यंत एकच संच लावून, एक्स्पो बंद ठेवून काम करा. चारही स्टिकवर काम करताना साठवलेल्या फाइली उघडून तपासा, जुन्या प्रती पुसू नका, आणि मेमरी पूर्ण स्थिर झाल्यावर विंडोज नव्याने टाका, कारण ते टाकतानाही चुका झाल्या असू शकतात.

आता निर्णयाविषयी. तो आपल्या कामावर अवलंबून आहे. दोन चॅनेलवर ६००० च्या वेगाने सेकंदाला तात्त्विक ९६ जीबी माहिती वाहते, ३६०० वर ५७.६ जीबी, फरक मोठा आहे, पण तो प्रत्येक कामात जाणवत नाही. टास्क मॅनेजर उघडून आपल्या सर्वांत मोठ्या डिझाइनवर किती मेमरी लागते ते पाहा. ती ३२ जीबीच्या आत राहत असेल तर एक संच परत करा, दुसरा ए२ आणि बी२ मध्ये एक्स्पोवर चालवा, आणि उरलेले पैसे चांगल्या एसएसडीवर किंवा बॅकअपच्या ड्राइव्हवर खर्च करा. ६४ जीबी खरोखर लागत असेल तर मी ३२ जीबीच्या दोन स्टिकचा एकच संच घेण्यास सांगेन. त्या स्टिकवर चिपा दोन्ही बाजूंना असतात, तरी प्रत्येक चॅनेलवर एकच स्लॉट भरतो आणि ६००० बहुधा टिकतो. परतीची मुदत संपली असेल आणि नवा खर्च शक्य नसेल, तर चार स्टिक ३६०० वर स्थिर चालवणे यात कमीपणा काहीच नाही. मेमरी अपुरी पडून एसएसडीचा आधार घेण्यापेक्षा ते केव्हाही जलद आहे.

आपले मित्र इंटेलवर असाच संगणक जोडणार आहेत असे आपण लिहिले आहे, म्हणून दोन शब्द. बी७६० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. दोन्ही स्टिकना २८८ संपर्क असले तरी खाच वेगळ्या ठिकाणी असते, तेव्हा स्टिक बसत नसेल तर जोर लावू नये. एच६१० चिपसेटवर मेमरी ओव्हरक्लॉकिंगची सोय नाही, म्हणून त्या बोर्डासाठी महाग, वेगवान संच घेणे व्यर्थ आहे.

विक्रेत्यांशी बोलताना कोणालाही ‘तुमचा माल खराब आहे’ असे सांगून सुरुवात करू नका. चाचणीचा कागद, मेमटेस्टच्या पडद्याचे फोटो आणि सीपीयू-झेडचे पान दाखवा. दोन्ही संच एकटे उत्तीर्ण झाले असतील तर नवी पेठेतील दुकानदारांना सरळ विचारा की हा संच परत घेऊन फरकाच्या रकमेत ३२ जीबीच्या दोन स्टिकचा संच मिळेल का. वस्तू निर्दोष असल्याचा पुरावा समोर असल्यामुळे ते तयार होण्याची शक्यता वाढते. ऑनलाइन संचाची परतीची मुदत मात्र आजच तपासा आणि ती जवळ आली असेल तर त्याच संचाची चाचणी सर्वांत आधी घ्या. बोर्डाचे मॉडेल, बायोसची आवृत्ती आणि प्रत्येक पायरीचा निकाल कळवलात तर पुढचे नेमके सांगता येईल.